मॉलातली पुढची ओळ

नारायणगावात त्या दुकानाला कुणी कधी त्याच्या नावाने ओळखलं नाही. हायवेकडे तोंड करून भला मोठा बोर्ड होता, कंपनीचं नाव त्यावर ठळक होतं, पण सगळे म्हणायचे मॉल. पत्र्याचं छत, एकच मजला, समोर मोटारसायकली लावायला मुरूम टाकलेलं पटांगण, तरी मॉल. स्वस्तात माल विकणाऱ्या एका कंपनीची अशी दुकानं गावोगाव होती, त्यातलंच हे एक. माझा धाकटा भाऊ तिथे कामाला होता. त्यामुळे ते दुकान खालावायला लागलं तेव्हा गावाला बोलायला विषय मिळाला आणि आमच्या तोंडचं पाणी पळालं.

मी ब्लाउज शिवते. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत घर आहे, पुढच्या खोलीत मशीन. माप द्यायला, फॉल-पिको करायला बायका येतात आणि काम झालं तरी उठत नाहीत. गावात काय चाललंय ते मला बसल्या जागी कळतं. माझं तोंड तिखट आहे असं सासरचे म्हणतात. माहेरचे म्हणत नाहीत, कारण खोडदला आमच्या घरात सगळे तसेच. भाऊ तेवढा वेगळा निघाला. चार प्रश्न विचारले तर एकाचं उत्तर देणार, तेही विचार करून.

मॉल नवा होता तेव्हाची गोष्ट वेगळी होती. खोडदहून, घोडेगावहून, पार डोंगराकडच्या गावांतून माणसं जीप करून यायची. नवऱ्यांना वाटायचं, बायका स्वस्ताईला भुलल्यात. तसं नव्हतं. पेठेतल्या दुकानात काय हवं ते पुरुषांच्या घोळक्यात उभं राहून तोंडाने मागावं लागायचं. काही वस्तू मागताना जीभ अडखळायची, मग दुकानदार ती कागदात गुंडाळून खाली बघत द्यायचा. मॉलात कुणी काही विचारत नव्हतं. ट्रॉली घ्यायची, वस्तू हातात घेऊन उलटसुलट बघायची, नको वाटली तर परत ठेवायची. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा काहीच न घेता सगळं दुकान फिरल्या आणि घरी येऊन म्हणाल्या, "बरं वाटलं." मलाही ते दुकान त्याचसाठी आवडायचं.

मग हळूहळू बोलणं बदललं. आधी एसी बंद झाला आणि भिंतीला पंखे लागले. बिलाचे काउंटर ओळीने होते, त्यातला एकच चालू राहिला. तेल आहे तर साखर नाही, साखर आहे तर हवी ती डाळ नाही. माझ्या पुढच्या खोलीत रोज त्याचाच पंचनामा.

"साबण आणायला गेले, तर तिथंच एवढा घाम आला की तिथंच आंघोळ करावी वाटली," एकजण म्हणाली.

"मोबाइलवरनं सगळं दारात येतंय आता. कशाला कोण जीप करून येतंय?" दुसरी म्हणाली. तिच्या दारात तर कुत्र्याचं खाणंसुद्धा मोबाइलवरून यायचं.

बायकोचा ब्लाउज न्यायला आलेले एक निवृत्त गुरुजी उंबऱ्यातूनच म्हणाले, "कंपनीनं एकदम लई दुकानं काढली. पसारा झेपला नाय त्यांना." पेठेतला किराणावाला तर मला बघितलं की मुद्दाम हसायचा. "बघा वैनी, शेवटी आमीच हाय," एवढंच म्हणायचा, आणि मला घरी येईपर्यंत राग पुरायचा.

एक म्हातारी मात्र वेगळं बोलली. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता शेती आहे, आणि तिला मॉलातलीच एक चहापत्ती लागायची. माप देता देता ती बाकीच्यांना म्हणाली, "इतकी वर्सं खाल्लं ना तिथलं? आता त्याला उठताबसता नावं ठेवताय. दुकान कोण बुडवतंय मग?" मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

ही बोलणी मला एवढी झोंबायची, त्याला कारण होतं. भावाचं लग्न जमत आलं होतं. आमच्याकडे आता शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, हे कुणाला सांगायला नको. द्राक्षाची बाग असो नाहीतर टोमॅटो, मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात, मुलगा नोकरीला कुठे आहे. भावाने ती नोकरी धरली तीही आईच्या ह्याच धोशामुळे. चौतिशीला आला होता. स्थळं यायची, चहा-पोहे व्हायचे, आणि मग फोनच यायचा नाही. आईने त्या काळात आमच्या घरातल्या फोनचा आवाज कधी कमी करू दिला नाही.

शेवटी घोडेगावकडचं एक स्थळ पुढे सरकलं. मुलगी तिथल्याच एका दवाखान्यात रिसेप्शनला. वडील गेल्यापासून आमच्या घरात थोरले काका सांगतील ती पूर्वदिशा. भावाचा बायोडाटा त्यांनीच करून घेतला होता आणि त्यात 'मॉलमध्ये मॅनेजर' असं घालून ठेवलं होतं. भाऊ रॅकवर माल लावायचा आणि फ्लोअरवर लक्ष ठेवायचा. तो म्हणाला, "काका, मी मॅनेजर नाय." काका म्हणाले, "आज ना उद्या व्हशील ना? मग."

बघायच्या कार्यक्रमात मुलगी गप्प बसली नाही. तिने भावाकडे बघून सरळ विचारलं, "दुकान कसं चाललंय?" भावाने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी काकाच म्हणाले, "एक नंबर! पाय ठेवायला जागा नसते." मुलीने मान हलवली. मला तेव्हाच वाटलं, हिला काहीतरी ठाऊक आहे. पण पसंती आली, आणि त्या आनंदात मी तो विचार सोडून दिला.

त्याच आठवड्यात मी मॉलात डाळ आणायला गेले. बिस्किटांच्या रॅकवरून एक पुडा ओढला आणि हात कोपरापर्यंत आत गेला. मागे काहीच नव्हतं. पुढच्या कडेला पुड्यांची एकच ओळ, आणि मागे नुसती पत्र्याची फळी. मी दुसरीकडे हात घातला, तिथेही तसंच. भाऊ शेजारच्या रॅकपाशी वाकून शाम्पूच्या बाटल्या पुढे ओढत होता. मी त्याच्याकडे बघितलं.

"वरून सांगितलंय, पुढची ओळ भरलेली दिसली पाहिजे," तो हळू आवाजात म्हणाला. "मागनं मालाची गाडी येत नाय आता, आक्का. जे हाय ते कडेला आणून लावायचं."

"किती दिवस चालंल?"

"जितके दिवस लोक मागं हात घालत नायत तितके."

त्या दिवशी मी घरी आले आणि मशीनवर बसले, पण सुई दोनदा मोडली.

सुपारी फोडायची बोलणी चालू होती तेवढ्यात मुलीच्या वडिलांचा फोन आला. घर बघितलं, शेती बघितली, आता येत्या रविवारी पोराचं कामाचं ठिकाण एकदा नजरेखालून घालतो म्हणाले. बोलणं साधं होतं, पण आईला धाप लागली. काकांना लागली नाही. काकांकडे तोड तयार होती.

आमच्याकडे पावणं येणार असले की शेजारचा ट्रॅक्टर आपल्या अंगणात उभा करायची पद्धत आहे. कुणी ते खोटं समजत नाही. शेजाऱ्याकडे पावणं आले की आपली मोटारसायकल त्याच्या दारात लागते, तसंच. भावकीतले पुरुष इस्त्रीचे कपडे घालून येऊन बसतात, म्हणजे घर भरलेलं दिसतं. काकांनी तेच गणित मॉलाला लावलं. रविवारी सगळ्या भावकीने जीपा करून मॉलात यायचं, एकेकाने ट्रॉली घ्यायची आणि फिरत राहायचं. पावणं स्टँडवर उतरले की काका त्यांना चहा पाजून घेऊन येणार. दुकान कसं, गजबजलेलं.

"काका, रॅकवर माल नाय," मी म्हणाले. "नुसती माणसं भरून काय व्हणार?"

"दुकान माणसांनी भरतं. मालाकडं कोण बघतंय?"

"सगळेच बघतात. मी बघितलं ना."

"तुझं सासर नारायणगावात हाय म्हणून तुला सगळं जास्त कळतं," काका म्हणाले. आई पदराला डोळे पुसत मधेच म्हणाली, "एवढं एक व्हऊन जाऊ दे गं." पावणं येणार हे भावाला ठाऊक होतं, पण जीपांचं त्याला सांगायचं नाही असं ठरलं, कारण त्याने ऐकलंच नसतं. मी तणतणत खोडदहून बसने घरी आले. शनिवारी रात्री भावाचा फोन आला. आवाजात कधी नव्हे तो उत्साह होता. "उद्या दुकान बरं दिसंल, आक्का. गोडाऊनमधलं व्हतं नव्हतं ते सगळं पुढं काढून लावलंय."

रविवारी सकाळी मी गेले तेव्हा खोडदच्या जीपा येऊन लागल्या होत्या. काकूंनी लग्नातली साडी नेसली होती. आणखी एक चुलती, चुलतभाऊ, त्यांच्या सुना, सगळे ट्रॉल्या धरून आत फिरत होते. सुरुवातीला खरंच बरं दिसलं. रॅक गच्च, माणसं हिंडतायत. भाऊ लांब शेवटच्या रॅकपाशी ओळ सरळ करत होता आणि आमची माणसं त्याला अजून दिसली नव्हती.

पण आमच्या भावकीला नुसतं फिरायला कसं जमणार? खोडदहून जीप करून आलेल्या बाईला समोर स्वस्तातला तेलाचा डबा दिसतोय आणि तिने तो सोडून पुढे जायचं? प्रत्येकीला वाटलं, बाकीच्या नुसत्या फिरतायत, आपण एवढं एक घेतलं तर काय होतंय. एकीने तेल घेतलं म्हणून दुसरीने घेतलं. दुसरीने साबणाचं पाकीट घेतलं म्हणून तिसरीने दोन घेतली. पुढची ओळच तेवढी होती. ती जायला किती वेळ लागतो.

त्यात रविवारची बाजाराची गर्दी रस्त्यावर. मॉलापुढे एवढ्या जीपा बघून माणसं थांबायला लागली. दारापाशी एक माणूस मोबाइलवर ओरडत होता, "बंद व्हतोय मॉल. सगळं काढलंय आज. लगेच ये." मी त्याच्या अंगावर धावून गेले. "कुणी सांगितलं तुमाला?" तो म्हणाला, "मग एवढी माणसं काय देवदर्शनाला आल्यात का?" बघता बघता लोंढा आत आला. ट्रॉल्या संपल्या, मग लोकांनी पोती, पिशव्या, ओढण्या काढल्या. पाठीमागून पंखे गरगरत होते आणि कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं.

भाऊ रॅकपासून रॅकपर्यंत पळत होता. रिकाम्या जागा भरायला त्याच्याकडे काही नव्हतं. मग त्याने काकूंना बघितलं, दोन हातांत दोन डबे. मग त्या दुसऱ्या चुलतीला. मग मला. तो माझ्यापाशी आला.

"आक्का, ही सगळी इथं कशाला?"

"काका म्हणाले," एवढंच मी म्हणाले. त्याचा चेहरा उतरला. रागावला असता तर बरं झालं असतं, मी भांडून मोकळी झाले असते.

आणि तेवढ्यात मला मुलीची आई दिसली. आमच्या मधला रॅक इतका रिकामा झाला होता की पलीकडची माणसं आरपार दिसत होती. ती आणि तिचा नवरा, दोघंच, एक ट्रॉली ढकलत येत होते. काका स्टँडवर चहाची ऑर्डर देऊन वाट बघत असतील, आणि हे दोघं हायवेलाच उतरून चारचौघा गिऱ्हाइकांसारखे आत आले होते.

मुलीचे वडील काकूंपाशी थांबले. काकू बघायच्या कार्यक्रमाला नव्हत्या, त्या त्यांना ओळखत नव्हत्या. "मावशी," ते म्हणाले, "हितं रोज अशीच गर्दी असती का?"

"रोज," काकूंनी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. "लई चालतंय दुकान. आमचा पुतण्याच मॅनेजर हाय हितला."

शेजारी एक परका माणूस डाळीच्या शेवटच्या पुड्याला हात घालत होता. तो वळून म्हणाला, "कशाला खोटं सांगता? महिनाभर हितं चिटपाखरू नसतं. बंद पडलंय म्हणून तर आलोय आमी."

काकूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बंद पडलंय म्हणं! आमची सगळी भावकी आलीय आज, म्हणून गर्दी दिसतीय तुमाला. पुतण्याचे पावणं यायचेत दुकान बघायला."

मी रॅकच्या अलीकडे उभी होते आणि मला काकूंचं तोंड हाताने दाबावंसं वाटत होतं. मुलीच्या आईने नवऱ्याकडे बघितलं. त्याने ट्रॉलीवरचे हात काढून घेतले. काकूंनाही आता काहीतरी जाणवलं असावं, कारण त्यांनी हातातले डबे खाली ठेवले.

भाऊ त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. मी त्याला अडवायला दोन पावलं टाकली, पण तो बोलायला लागला होता.

"मामा, मी मॅनेजर नाय. मी माल लावतो. मॅनेजर होता तो सोडून गेला. हे दुकान अजून किती टिकंल, मला माहीत नाय. लई दिवस टिकणार नाय, एवढं माहीत हाय."

काका धापा टाकत दारातून आत आले ते नेमके ह्याच वेळी. "अरं काय बोलतोयस तू? पावणं, त्याचं ऐकू नका, त्याला सवय नाय बोलायची."

मुलीच्या वडिलांनी आवाज चढवला नाही. "त्याचं ऐकलंय मी," ते म्हणाले. "दुकानाचं काय, आज हाय उद्या नाय. पोरगा दुसरं काम बघंल. पण एक दुकान चालतंय हे दाखवायला तुमी सगळी भावकी उभी केली. उद्या आमची पोरगी तुमच्या घरात काही खरं बोलली, तर एवढ्या माणसांत तिच्या बाजूनं कोण उभं राहील?"

तो प्रश्न आमच्या सगळ्यांना होता. मलाही होता. दोघं नवराबायको ट्रॉली तिथेच सोडून निघून गेले. स्टँडवरचा चहा तसाच राहिला.

खोडदच्या घरात मग जे झालं ते सांगण्यासारखं नाही, पण सांगते. काका भावावर तुटून पडले. एक दिवस तोंड बंद ठेवलं असतं तर सुपारी फुटली असती म्हणाले. भाऊ खाली मान घालून बसला होता. मला ते बघवेना. मी काकांना म्हणाले, "तुमीच त्याचं तोंड आजपर्यंत बंद ठेवलंत. त्या पोरीनं त्याला विचारलं, उत्तर तुमी दिलंत." काका उठून गेले. आईने त्या रात्री भाकरीला हात लावला नाही. मी काकांपुढे एवढ्या मोठ्याने कधी बोलले नव्हते, आणि बोलूनही मला हलकं वाटलं नाही.

फोन आला नाही. आईने फोनचा आवाज आता स्वतःच कमी केला.

पुढच्या काही आठवड्यांत मॉलावर खरंच फलक लागला, माल संपेपर्यंत विक्री. गंमत अशी की त्यानंतर लोकांची बोलणी एकदम मऊ झाली. जी बाई घामाच्या गोष्टी सांगायची, ती माझ्या खोलीत बसून म्हणाली, "आता दिवाळीचं सामान कुठनं आणायचं? तिथं कसं, आपल्या हातानं बघून घेता यायचं." गुरुजी म्हणाले, "चांगलं व्हतं हो दुकान." किराणावाला तेवढा तसाच हसत होता. मी त्याच्याकडून काडेपेटीसुद्धा घेणं सोडलं.

आमच्या भावकीतलं कुणी तिकडे परत फिरकलं नाही. लाज वाटत होती का राग होता, ठाऊक नाही. मी जात होते. भावासाठी डबा घेऊन जायचे. बिलाच्या काउंटरवरची मुलगी नोकरी सोडून गेली होती, म्हणून तोच तिथे बसायचा. दुकान आता आवाज केला तर घुमायचं. रॅक उघडे पडले होते. ओळी लावायचं त्याने सोडून दिलं होतं, जे काही उरलं होतं ते एका टेबलावर ढीग करून ठेवलेलं.

असाच एक दुपारचा डबा घेऊन मी गेले. काउंटरपुढे एक मुलगी उभी होती, खांद्याला पर्स, हातात कपडे वाळत घालायच्या चिमट्यांचं पाकीट. मी मागून आले आणि ओळखलं. घोडेगावहून ती एकटी आली होती.

"आत आणखी काही हाय का?" ती भावाला विचारत होती.

"नाय. टेबलावर दिसतंय तेवढंच."

"त्या दिवशी घरी मी विचारलं व्हतं, दुकान कसं चाललंय. उत्तर तुमच्या काकांनी दिलं."

भावाने चिमट्यांचं पाकीट हातात धरून ठेवलं. नेहमीप्रमाणे वेळ घेतला. मला वाटलं, बोल रे बाबा, आतातरी बोल. आणि माझ्या तोंडात वाक्यं गोळा झाली. त्याच्या वतीने काय काय सांगता आलं असतं. तो कसा स्वभावाने गरीब आहे, कसा कष्टाळू आहे, त्या रविवारचं त्याला काही ठाऊक नव्हतं. मी एक पाऊल पुढे टाकलंही. मग मला काका आठवले, आणि मी जीभ दाताखाली धरली.

"बंद व्हतंय," भाऊ म्हणाला. "शनिवारी शेवट. दुसरीकडं दोन ठिकाणी विचारलंय, अजून त्यांचं उत्तर नाय. नाय मिळालं तर टोमॅटो हायेत. मला शेतातलं काम येतं, पण आवडतं असं नाय."

"भीती वाटती का?"

"वाटती."

"मी कॉलेजला व्हते तेव्हापासून हितं यायचे," ती म्हणाली. "मागं माल नाय हे मला बघायच्या कार्यक्रमाआधीच माहीत व्हतं. तुमी सांगता का नाय, ते बघायचं व्हतं. त्या रविवारी बाबांना सांगितलंत, पण ते पकडल्यावर. म्हणून म्हटलं, एकदा आपण जाऊन विचारावं. कुणी नसताना."

भावाने चिमट्यांचं बिल काढलं. पंखा कुरकुरत फिरत होता. मग तिने मान वळवली आणि तिला मी दिसले.

"तुमी आक्का ना?" तिने विचारलं. "आज एकट्याच, का बाहेर जीपा लावल्यात?"

दुसऱ्या कुणी हे विचारलं असतं तर मी सोडलं नसतं. "एकटीच," मी म्हणाले.

"बाबांशी मी बोलते. वेळ लागंल, पण ऐकतील ते." तिने पर्स खांद्यावर सारखी केली. "सुपारीला या. पण आक्का, एकच जीप आणा."

मी मान हलवली. पिशव्या संपल्या होत्या, म्हणून भावाने ते चिमट्यांचं पाकीट तिच्या हातातच दिलं.